ताडपत्रीच्या कोपऱ्यातला खडा

आमच्या आडतीच्या दुकानाची रात्रीची राखण करणारा माणूस दुपारी कधी दिसत नाही. २५ एप्रिल २०१५ च्या शनिवारी तो दुपारी एकच्या सुमारास पायरीशी येऊन उभा राहिला. हातात फोन, पायात चप्पल नाही. "मालक, घरी फोन लागत नाही," एवढंच म्हणाला. आत टीव्हीवर काठमांडूचा धरहरा मनोरा दाखवत होते. मनोरा कसला, खाली उरलेला बुंधा.

लातूरच्या मार्केट यार्डात तो तेव्हा बारा वर्षं होता. सगळे त्याला बहाद्दूर म्हणतात, मीही म्हणायचो. गाव नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात, दरौंदी नदीच्या खोऱ्यात. भूकंपाचा केंद्रबिंदू बारपाक, म्हणजे त्याच्या गावाच्या वरच्या अंगाला. ७.८ तीव्रता, वेळ नेपाळच्या घड्याळाने ११ वाजून ५६ मिनिटं. तो आकडा ऐकला आणि माझ्या पोटात कळ आली. आमचा भूकंप झाला तेव्हाही घड्याळात ५६ मिनिटंच होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. किल्लारीपासून जवळचंच आमचं गाव. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले. आमच्या भागातली घरं माळवदाची, दोन-दोन फूट रुंद दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचा थर, दरवर्षी थोडा थोडा वाढत गेलेला. त्या मातीखाली माझी आजी गेली. मला शेजाऱ्यांनी ओढून काढलं.

नंतरचे दिवस जास्त लक्षात आहेत. ट्रकामागून ट्रक येत होते. देशभरातून मदत आली, परदेशातूनही आली, आणि त्या मदतीवर आम्ही जगलो, हे मी कधी विसरणार नाही. पण ट्रकाच्या फाळक्यावर उभा राहून कुणीतरी कपडे उधळतोय आणि माझी आई खाली हात वर करून उभी आहे, हेही विसरलेलो नाही. तिच्या हातात एक लोकरी कोट पडला. ऑक्टोबर हीटमध्ये लोकरी कोट. उरलेल्या कपड्यांचे ढीग पुढे पावसात भिजून रस्त्याच्या कडेला कुजत पडले होते.

म्हणून यार्डात "आपणही काहीतरी पाठवू" अशी चर्चा सुरू झाली तेव्हा मी एकच धरून बसलो. आधी त्यांना विचारायचं. जुने कपडे घ्यायचे नाहीत.

बहाद्दूरचा फोन लागला चौथ्या दिवशी. त्याची बायको आणि दोन्ही पोरं जिवंत होती. म्हातारे वडील घरात सापडले. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला. मग मी विचारलं, काय पाहिजे म्हणतात गावाला? तो म्हणाला, "त्रिपाल. बाकी काही नको, त्रिपाल." म्हणजे ताडपत्री. पाऊस सुरू झाला होता, रात्री थंडी पडत होती, आणि पडलेल्या घराशेजारी माणसं उघड्यावर होती. अन्न थोडंफार होतं, ढिगाऱ्यातून मका आणि तांदूळ उकरून काढत होते. डोक्यावर मात्र काही नव्हतं.

ताडपत्री हा तर आमच्या रोजच्या धंद्यातला माल. हंगामात यार्डात उघड्यावर सोयाबीन, तूर पडलेली असते आणि आभाळ भरून आलं की सगळ्यांची धावपळ ताडपत्रीसाठीच. कुठली दोन पावसाळे काढते आणि कुठली पहिल्याच वाऱ्यात फाटते, हे हाताला कळतं. तरी एक मोठा घोटाळा होता होता राहिला. मागणी वाढल्याचं कळल्यावर एका व्यापाऱ्याने पातळ माल जाड म्हणून दाखवला, वरच्या चार घड्या चांगल्या आणि खाली पापुद्रे. आमच्या म्हाताऱ्या हमालाने गठ्ठ्याच्या मधोमध हात घालून एक घडी ओढली आणि दोन बोटांत चोळून परत टाकली. तो सौदा मोडला. शेवटी ८५० नग घेतले, १८ बाय १२ फुटांचे, काठाला रिंगा असलेले. सोबत नायलॉनची दोरी, कुदळी, फावडी, पहारी. गवताचं छप्पर असो की ढिगारा, हत्याराशिवाय माणूस काय करणार? किल्लारीत आम्ही हातांनी दगड उपसले होते.

तांदळावरून यार्डात वाद झाला. धान्याची पेठ आणि धान्य पाठवायचं नाही म्हणजे काय, असं ज्येष्ठांचं म्हणणं. त्यांचंही खरं होतं, देणाऱ्याला आपल्या घरचं द्यावंसं वाटतं. पण लातूरहून तांदूळ नेण्याचं भाडं धरलं तर तेवढ्यात तिथे दीडपट तांदूळ येतो. नेपाळच्या तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सपाट भागात, भूकंपाची झळ कमी होती, नारायणगढच्या बाजारात तांदूळ मिळत होता, आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा चालला पाहिजे. रोख पैसे सोबत न्यायचे आणि धान्य तिथे घ्यायचं ठरलं. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचा एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेलाच आहे, त्यामुळे हिशोब सोपा. मान ठेवायचा म्हणून तूरडाळीची चाळीस कट्टी मात्र चढवली. त्या डाळीचं पुढे सांगतो.

विमानाचा विचार आम्ही केलाच नाही. भूकंपाच्या दिवशी संध्याकाळीच आपल्या हवाई दलाची विमानं एनडीआरएफची पथकं घेऊन काठमांडूला उतरली होती. 'ऑपरेशन मैत्री' नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. जगभरची विमानं तिथे आली, कित्येक घिरट्या घालून परत फिरली. पुढे पुढे तर धावपट्टीला तडे जाऊ लागले म्हणून अति जड विमानांना मनाई करावी लागली. शेजारी देश असल्याचा खरा फायदा रस्त्याचा आहे. आमच्यासारख्या एका दहाचाकी ट्रकालाही तो मोकळा होता, पासपोर्ट नाही, व्हिसा नाही.

१ मे रोजी रात्री निघालो. ड्रायव्हर, क्लीनर, दोन हमाल, बहाद्दूर आणि मी. नांदेड, नागपूर, जबलपूर, रीवा, अलाहाबाद, गोरखपूर. वाटेत ढाब्यावर टीव्हीत दिसलं की नेपाळ सरकारने परदेशी शोधपथकांना आता परत जायला सांगितलंय. ड्रायव्हरला राग आला, "मदतीला गेलेल्यांना हाकलतात का?" मला त्यात राग येण्यासारखं काही वाटलं नाही. दहा दिवस झाले होते. सगळ्या देशांच्या पथकांनी मिळून ढिगाऱ्यातून सोळा जण जिवंत काढले, त्यातले अकरा आपल्या एनडीआरएफने. फार मोठं काम आहे ते. पण बाकीचे हजारो वाचले ते शेजाऱ्यांच्या हातांनी, पहिल्या काही तासांत, माझ्यासारखेच. दहाव्या दिवशी त्या घरांना शोधणारा कुत्रा नको होता, छप्पर हवं होतं.

सीमेवरच्या सुनौलीला ५ मे रोजी दुपारी पोचलो. आधी दोन किलोमीटरची रांग. पंजाब, उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, सगळीकडचे ट्रक, प्रत्येकावर कापडी फलक. रांगेत उभं असताना एका माहीतगार माणसाने आमचे कागद पाहिले आणि म्हणाला, यादी तीन प्रतींत पाहिजे, नग आणि वजन वेगवेगळं पाहिजे, आणि माल कुणाच्या नावाने आहे ते पाहिजे. आमच्याकडे लातूरची बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, होती, यार्डाच्या संघटनेचं पत्र होतं, बाजारपेठेच्या शिक्क्याचं बिल होतं. माल घेणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. "भूकंपग्रस्त बांधव, नेपाळ" असं आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. बिल्टीवर असा पत्ता चालतो का? वीस वर्षं मी बिल्ट्या फाडतोय, दुसऱ्या कुणी असा कागद आणला असता तर मीच परत पाठवला असता.

नेपाळ सरकारचा नियम तेव्हा असा होता की मदतीचा माल जिल्ह्याच्या दैवी प्रकोप उद्धार समितीकडे जायचा आणि तिथून वाटप व्हायचं. एकद्वार पद्धत म्हणायचे. ताडपत्री आणि तंबूंवरची जकात मेच्या सुरुवातीलाच माफ झाली होती, पण माफी मिळायला माल कुणाकडे चाललाय हे कागदावर दिसायला हवं. मग बहाद्दूरने गोरखा जिल्ह्यातल्या आपल्या मेव्हण्याला फोन लावला, तो जिल्हा कचेरीत जाऊन उभा राहिला, आणि रात्री उशिरा फॅक्सवर एक पत्र आलं. त्यावर तारीख होती २०७२ वैशाख २२. आमचा एक हमाल घाबरला, म्हणाला तारीख चुकली. तिथे कारभार विक्रम संवतावर चालतो आणि वैशाख एप्रिलच्या मध्यात सुरू होतो. भूकंप त्यांच्या लेखी बारा वैशाखाला झाला. आजही तिथे 'बाह्र वैशाख' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, जसं आमच्याकडे 'तीस सप्टेंबर'.

त्या पत्रात माल आणणाऱ्याचं नाव आणि नागरिकतेच्या दाखल्याचा नंबर लिहायचा होता. बहाद्दूरने पेन घेतलं आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. बारा वर्षांत मी ते पहिल्यांदा वाचलं. इथे देत नाही, पण त्या दिवसापासून मी त्याला दाजू म्हणतो. दाजू म्हणजे मोठा भाऊ. वयानेही तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भन्सार कचेरीत, म्हणजे त्यांच्या जकातीच्या नाक्यावर, गठ्ठे मोजायला घेतले आणि आमचीच चूक उघडी पडली. यादीत नसलेली अकरा गाठोडी निघाली. लातूरला माल भरताना रात्रीच्या घाईत कुणी कुणी आपल्या घरची बोचकी मागून सरकवली होती. तिथला अधिकारी शांत माणूस. म्हणाला, हे यादीत नाही, काय आहे? मला माहीत नव्हतं. ट्रक बाजूला घेऊन आम्ही गाठोडी सोडली. शाळेचे गणवेश, खांद्याला उसवलेले. एकेक चप्पल, जोड नसलेली. एक जरीची साडी होती, घडीत डांबराची गोळी ठेवलेली. ती ज्या बाईने दिली तिने मनापासून दिली असणार, आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू काढून दिली असणार. ती हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. आईच्या हातातला लोकरी कोट आठवत होता. मी स्वतः नियम घातला आणि माझ्याच ट्रकात ते निघालं.

सगळी गाठोडी अलीकडच्या बाजूला एका धर्मशाळेत ठेवली. ती साडी मात्र घरी परत नेली आणि विचारत विचारत जिची होती तिला दिली. या सगळ्यात पूर्ण दिवस गेला. डोंगरात लोक पावसात बसलेले आणि आमचा एक दिवस चिंध्या मोजण्यात. त्या दिवसाचं ओझं माझ्या डोक्यावर अजून आहे.

भैरहवा, बुटवल, मग नारायणगढ. तिथे तांदूळ घेतला, आणि चिउरा, म्हणजे आपले पोहे. हा दाजूचा आग्रह. म्हणाला, भांडी ढिगाऱ्यात आहेत, सरपण ओलं आहे, तुमची डाळ शिजवणार कशात? पोहे पाण्यात भिजवले की झाले. तो म्हणाला तसंच झालं. रहर म्हणजे तूरडाळ त्यांना ओळखीची, कुणी नाकारली नाही, पण ती शिजायला लागतं ते सरपण बायकांना डोंगर उतरून आणावं लागत होतं. पुन्हा असा प्रसंग आला तर मी पहिल्या महिन्यात डाळ नेणार नाही.

नारायणगढहून मुग्लिनकडे जाणारा रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने डोंगर कापून नेलेला आहे. वरून दगड येत होते. क्लीनर पोरगा वीस वर्षांचा, तो मान बाहेर काढून वर बघत बसायचा आणि खडखड ऐकली की ओरडायचा. मुग्लिनहून पोखऱ्याच्या रस्त्याला लागून आंबू खैरेनीला वळलो आणि ७ मेच्या संध्याकाळी गोरखा बाजार. वर टेकडीवर पृथ्वीनारायण शाहांचा दरबार, खाली मैदानात जागतिक अन्न कार्यक्रमाचे पांढरे तंबू, आणि डोक्यावरून हेलिकॉप्टरांची ये-जा.

जिल्हा कचेरीच्या भिंतीवर कागद लावले होते. कुठल्या गाविसला, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीला, काय आणि किती पोचलं. एकद्वार पद्धतीवर मी सीमेवर चिडलो होतो. तो कागद वाचला आणि चीड उतरली. हमरस्त्याजवळच्या गावांपुढे तीन-तीन नोंदी होत्या. वरच्या कित्येक गावांपुढे रिकामी जागा. आपण ज्याला 'थेट मदत' म्हणतो ती ट्रक जिथे थांबतो तिथेच उतरते, हे त्या भिंतीवर स्वच्छ दिसत होतं. दाजूच्या गावापुढे एक नोंद होती, ६० त्रिपाल. घरं चारशेच्या आसपास. मी म्हणालो, सगळा माल तुझ्याच गावाला देऊ. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मालक, वरच्या गावाला काहीच नाही." ४५० त्याच्या गावाला आणि ४०० वरच्या गावाला, असं कचेरीत लिहून घेतलं.

दहाचाकी पुढे जाणं शक्य नव्हतं. दोन छोट्या टिप्परमध्ये माल बदलला, आणि जिथे दरड रस्त्यावर आली होती तिथे तोही रस्ता संपला. पुढे साडेतीन तासांची चढण. माणसांच्या पाठीवरून. डोको म्हणजे बांबूची मोठी टोपली, आणि नाम्लो म्हणजे तिचा पट्टा, जो कपाळावर घेतात. आमचे दोघे हमाल क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन चालणारे. त्यांनी नाम्लो कपाळाला लावून पाहिला आणि वीस पावलांत बसले. तिथल्या बायका सहा-सहा ताडपत्र्या घेऊन न थांबता चढत होत्या. बायकाच, कारण गावात तरुण पुरुष फार थोडे. कुणी कतारला, कुणी मलेशियाला, कुणी आपल्याकडे, पुण्यामुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकांवर.

गाव म्हणजे दगडांचे ढीग होते. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी जाणवली. घरं जवळपास सगळी गेली होती आणि माणसं त्या मानाने वाचली होती. भूकंप दुपारचा, बायामाणसं शेतात. शिवाय नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी, त्यामुळे शाळा रिकाम्या. पडलेल्या शाळेच्या खोलीत बाकांवर दगड पाहिले आणि अंगावर काटा आला. आमच्याकडे पहाटे चारला सगळं गाव घरात होतं. देशभरात सुमारे नऊ हजार माणसं गेली, सुमारे पाच लाख घरं पडली. हाच भूकंप रात्री झाला असता तर?

वाटपाला गावाचा सचिव बसला. निवडून आलेला सरपंच वगैरे कुणी नव्हता, कारण नेपाळमध्ये १९९७ नंतर स्थानिक निवडणुकाच झाल्या नव्हत्या. एकटा सचिव, त्याचंही घर पडलेलं, आणि त्याच्याभोवती वेगवेगळ्या पक्षांचे चार-पाच जण. नऊ वॉर्डांच्या नऊ याद्या. नाव वाचायचं, घरटी एक ताडपत्री, दोरी, चार किलो पोहे, निळ्या शाईचा अंगठा. दोन ठिकाणी भांडण झालं. एकत्र कुटुंबातले तीन भाऊ, चूल एक, तर ताडपत्री एक की तीन? आमच्याकडेही ९३ साली याच प्रश्नावर भाऊ भाऊ तुटले होते. मी मध्ये बोलणार होतो, दाजूने हात दाबला. गावाने तासभर वाद घातला आणि 'जितकी अंथरुणं वेगळी तितक्या ताडपत्र्या' असा निवाडा केला. त्याहून चांगला मला सुचला नसता.

आता खड्याचं सांगतो. ताडपत्रीची रिंग ही तिची सगळ्यात कच्ची जागा. वाऱ्याने ओढ बसली की रिंग निघून हातात येते आणि मग कोपरा बांधायला काही उरत नाही. आमचे हमाल तिथे एक युक्ती करतात. कोपऱ्यापासून वीतभर आत खालून एक गोल खडा धरायचा, वरून ताडपत्री त्याच्यावर मुरडायची आणि त्या गाठोडीच्या मानेला दोरीचा फास टाकायचा. कितीही ओढा, खडा सरकत नाही, कापड फाटत नाही. आमच्या म्हाताऱ्या हमालाने मला निघताना बजावलं होतं, तिकडं सगळ्यांना हे शिकवा. पहिल्या दिवशी मी एका म्हाताऱ्या बाईच्या खोपटापाशी गेलो, खिशातून खडा काढला आणि दाखवायला खाली वाकलो. तिने माझ्याकडे बघितलं, आपल्या पदरातून एक खडा काढला आणि माझ्याआधी कोपरा बांधून मोकळी झाली. मग दाजूला काहीतरी म्हणाली. त्याने सांगितलं, "ती म्हणते, याला बांधता येतं, म्हणजे हा उघड्यावर राहिलेला आहे." मी तिला मराठीतच म्हणालो, हो आजी, राहिलोय. तिला ते कळलं.

१२ मेला आम्ही वरच्या गावात होतो. शेवटच्या वॉर्डाची यादी चालू होती. दुपारी एकला दहा मिनिटं असतील, आधी आवाज आला, पोटातून येतो तसा. मग जमीन सुटली. ७.३ चा धक्का, पूर्वेकडे दोलखा-सिंधुपाल्चोकच्या बाजूला केंद्र होतं, हे नंतर समजलं. समोरच्या डोंगराच्या अंगावरून धुळीचे लोट एकाच वेळी पाच-सहा ठिकाणांहून उठले. मी खाली बसलो आणि मला उठता येईना. छत्तीस वर्षांचा माणूस, चौदा वर्षांच्या पोरासारखा जमिनीला दोन्ही हातांनी धरून होतो. दाजू शेजारी येऊन बसला. काही बोलला नाही. समोर मैदानात बांधलेल्या ताडपत्र्या हलत होत्या, पण पडली एकही नाही. ताडपत्रीखाली कुणी मरत नाही. त्या दुपारी देशात आणखी शंभरावर माणसं गेली, त्यातले कित्येक तडे गेलेल्या घरांत परत राहायला गेलेले.

परत आल्यावर यार्डात हिशोब वाचून दाखवला. नऊ वॉर्डांच्या अंगठ्यांच्या यादीची प्रत संघटनेच्या कपाटात आहे, कुणीही पाहावी.

दुसरा ट्रक पत्र्यांचा करायचा ठरला होता, दसऱ्यानंतर, हिवाळ्याआधी. तो गेला नाही. २० सप्टेंबर २०१५ ला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली, तराईतलं आंदोलन आणखी पेटलं आणि सीमेवर ट्रक थांबले. नेपाळ त्याला भारताची नाकाबंदी म्हणतो, आपलं सरकार म्हणालं आम्ही काही अडवलेलं नाही. राजकारण मला फार कळत नाही. मला एवढं माहीत आहे की एप्रिलमध्ये जो रस्ता रात्रंदिवस उघडा होता त्याच रस्त्यावर डिझेल आणि औषधं महिनोन्‌महिने अडकली, आणि दाजूची पोरं तो हिवाळा आमच्या ताडपत्रीखाली राहिली. त्याच जूनमध्ये काठमांडूच्या परिषदेत भारताने पुनर्बांधणीसाठी एक अब्ज डॉलर जाहीर केले होते. पुढे गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांतल्या पन्नास हजार घरांना त्यातून मदत झाली. ते मोठं काम झालं, मी ते नाकारत नाही. पण शेजाऱ्याने त्या हिवाळ्यात काय सोसलं, हेही आपण मनापासून लक्षात ठेवायला हवं असं मला वाटतं. यार्डातल्या काहींना हे बोललेलं आवडत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. दाजू तेव्हा गावी होता. त्याने फोन केला, "दाजू, पाणी आहे का?" मला तो आता दाजूच म्हणतो, मी लहान असूनही.

नेपाळ सरकारचं घराचं अनुदान होतं तीन लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता पन्नास हजार, पाया झाल्यावर इंजिनिअर येऊन बघणार, मग दुसरा. पाया भरला त्या रात्री त्याचा पुन्हा फोन. तुमच्या किल्लारीत भिंती कशाने पडल्या होत्या, म्हणून विचारत होता. मी सांगितलं. आमच्या भिंती बाहेरून एक दिसायच्या, आतून दोन होत्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि गोटे. हलल्या की थर सुटले आणि बाहेरचा बाहेर, आतला आत पडला. दोन्ही थरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड कुठे नव्हताच. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक असा आरपार दगड टाक. लांब दगड मिळाला नाही तर सळई घालून काँक्रीटचा कर. भूकंपानंतर आमच्याकडे उभ्या राहिलेल्या भिंतींत भोकं पाडून तेच केलं होतं. आणि वर चहूबाजूंनी पट्टा.

"इंजिनिअर पण हेच म्हणाला," तो म्हणाला, "पण मला तुमच्याकडून ऐकायचं होतं."

महिन्याभराने फोनवर एक फोटो आला. कमरेएवढी भिंत, मागे आमची ताडपत्री, कोपऱ्यात बांधलेला खडा दिसतो. भिंतीतल्या आरपार दगडांवर त्याने लाल रंगाने ठिपके दिले होते, मला मोजता यावेत म्हणून. मी मोजले. चौदा होते. उजव्या कोपऱ्याजवळ एक कमी वाटला, तसं कळवलं. संध्याकाळी दुसरा फोटो आला, तिथले दगड काढलेले होते.